सुईला विमा, काढ्याला पदरमोड

नमस्कार श्रोतेहो.

दक्षिण कोरियाच्या सोल शहरात मेट्रोच्या एक नंबरच्या मार्गावर जेगी-दोंग नावाचं स्थानक लागतं. इथं उतरणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसं फार. पासष्टीनंतर तिथे मेट्रोचं तिकीट लागत नाही आणि स्थानकाबाहेरच जडीबुटीचा मोठा बाजार आहे. जिनसेंग, दालचिनी, वाळलेली लाल बोरं, आपल्या ओळखीचं ज्येष्ठमध, सगळं उघड्या पोत्यांत मांडलेलं.

राजवैद्य हो जुन यांनी १६१० साली ‘तोंगइ बोगाम’ हा वैद्यकग्रंथ पुरा केला, तो कोरियाच्या पारंपरिक वैद्यकाचा आधारस्तंभ. १९५१च्या कायद्यानं या वैद्यांना ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या बरोबरीनं मान्यता दिली.

या वैद्यांच्या दवाखान्यांत म्हातारी माणसं आणि बायका जास्त दिसतात. जुन्या लोकांचा जुन्यावर विश्वास, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पुरतं पटत नाही. आयुष्यभर वाकून भातलावणी केलेली कंबर, झिजलेले गुडघे यांचं दुखणं रोजचं असतं. सुया टोचणं, तुंबडी लावणं, पाल्याचा शेक देणं हे उपचार १९८७पासून सरकारी आरोग्यविम्यात आहेत. त्यातून वयस्कर माणसाचं बिल लहान असेल तर त्याला अगदी थोडे पैसे द्यावे लागतात. मग आजी आठवड्यातून दोनदा का जाणार नाहीत?

काढ्याची गोष्ट वेगळी. वैद्य नाडी बघून प्रत्येकाचा काढा निराळा लिहून देतो. तो उकळून, एकेका वेळेच्या पिशव्यांत बंद करून खोकं हातात देतात. पिशवी गरम पाण्यात धरायची, कोपरा कापायचा, कडू घोट घ्यायचा. २०२०च्या नोव्हेंबरपासून मोजक्या आजारांसाठी तो प्रायोगिक तत्त्वावर विम्यात आला. एरवी बहुतेक खर्च पदरचा. म्हणून तो ज्याला परवडतो त्याचाच. बाळंतिणीला, अशक्त मुलाला, नोव्हेंबरातल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या पोराला काढा आणायचा, हे बहुधा घरातली बाईच ठरवते. रुग्ण मोजताना तिचा हा निर्णय कुठल्याच रकान्यात बसत नाही.

काढा आणखी आजारांसाठी विम्यात यावा, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर पेन्शन तुटपुंजी असलेल्या आजी सुया टोचून घेतात, आणि परतताना बाजारातून मूठभर ज्येष्ठमध आणि बोरं घेऊन घरच्याच पातेल्यात उकळत बसतात.