"आई, तू हे वाचू नकोस"

नमस्कार मंडळी.

व्यासपीठावर येण्याआधी बाहेर पुस्तकांच्या अदलाबदलीच्या टेबलापाशी एक वाक्य कानावर पडलं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, हातात तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेली कादंबरी. आईनं पुस्तक चाळायला घेतलं, तर मुलगी म्हणाली, "आई, तू हे वाचू नकोस. तुला वाईट वाटेल." आई हसली, पुस्तक परत दिलं, विषय संपला. माझ्या भाषणाचा कागद मात्र तिथेच निकामी झाला. त्यात 'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास' तीनदा होता, तेव्हा तुमचं फारसं नुकसान झालेलं नाही.

कशाचं वाईट वाटेल? आपल्या डोक्यात आधी शिव्या येतात, मग चुंबनं. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठीच्या या कादंबऱ्यांत दोन्ही सापडतं, नाकारण्यात अर्थ नाही. आपली पद्धतही ठरलेली. पुस्तक मधूनच उघडायचं, नेमकं तेच पान लागतं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा: 'बघा, काय वाचतात.' भूगोलाच्या पुस्तकाआड रहस्यकथा वाचून मोठे झालेलो आपण, पण ग्रुपवर सगळेच जन्मापासून सोवळ्यात.

मला वाटतं, ती मुलगी शिव्यांबद्दल बोलतच नव्हती. ती पुस्तकातल्या आईबद्दल बोलत होती.

या कादंबऱ्यांची बांधणी बघा. 'श्यामची आई'तला श्याम मोठा झालेला आहे. आश्रमातल्या मित्रांना तो रोज रात्री एकेक आठवण सांगतो, आणि आई जाऊन बरीच वर्षं लोटली आहेत. त्यामुळे तिनं दिलेला मारसुद्धा आपल्यापर्यंत पोचतो तो माया होऊनच. आजच्या किशोरकादंबरीतला 'मी' अजून त्याच घरात राहतोय. भांडण काल रात्रीचं आहे, दार आत्ता आपटलंय, पुष्कळदा क्रियापदंही वर्तमानकाळातली. समजूत यायला मधे जी वीस वर्षं लागतात, ती लेखकानं मुद्दाम काढून घेतलेली असतात. मग आईबापांवर अन्याय झाल्यासारखा वाटतो, आणि तो तसा वाटावा हीच योजना असते. मुलगी सांगते, 'बाबांना माझं काही पडलेलं नाही.' त्याच पानावर, जाता जाता, बाबा रात्री दोनदा तिच्या खोलीचा दिवा चालू आहे का बघून गेल्याचंही ती सांगते. पाहिलंय तिनंच, अर्थ तेवढा लागलेला नाही. तो आपण लावायचा. मराठी वाचकाला ही सवय नवी नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली आली, तेव्हा नववीतल्या मुकुंदाच्या नजरेतून आणीबाणी आपण अशीच वाचली, त्याला कळलं त्याहून थोडी जास्त.

"एवढं वाचायला वेळ कुणाला?" तर हिशेब करू. अशी कादंबरी साधारण पन्नास ते ऐंशी हजार शब्दांची. साठ हजार धरा. मिनिटाला दोनशे शब्दांनी पाच तास लागतात. रोज अर्धा तास काढलात तर दहा दिवस. मुक्तछंदातल्या कादंबऱ्यांत पानावर जेमतेम शंभर शब्द, म्हणजे तीनशे पानं अडीच तासांत उरकतात. आणि 'कॉमिक्स काय वाचतोस' हे वाक्य आता बंद करा. अमेरिकेत किशोरसाहित्यासाठी २००० सालापासून प्रिंट्झ पुरस्कार दिला जातो. २००७ साली तो जीन लुएन यांग यांच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज' या चित्रकादंबरीला मिळाला. स्थलांतरित आईबापांच्या मुलाला आपल्या असण्याचीच लाज वाटते, अशी ती गोष्ट. या सभागृहात ती कुणाला परकी वाटेल, असं मला वाटत नाही.

वाचायची पद्धत सांगतो. शक्यतो दोन प्रती घ्या. एकच असेल तर मुलाचं संपेपर्यंत थांबा, त्याची खूण हलवू नका. पहिल्या पन्नास पानांवर मत देऊ नका, कारण तिथे निवेदकाची फिर्याद मांडली जात असते. घरातलं गुपित फुटतं ते बहुधा मध्याच्या आसपास. आईवडिलांची बाजू येते शेवटच्या एक-तृतीयांशात, तीही एखाद्या प्रसंगात, गाडीत नाहीतर ओट्यापाशी, चार वाक्यांत. अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या वाट्याला नुसती फिर्याद येते, आणि तोच ग्रुपवर निकाल देतो.

मग एक प्रकरण निवडा आणि पेन्सिलीनं फक्त आईच्या वाक्यांखाली रेघ मारा. किती प्रश्न, किती हुकूम, किती साधं बोलणं, मोजा. प्रश्न बहुतेक 'झालं का?' या जातीचे निघतात. चांगला लेखक ही वाक्यं फार काटेकोरपणे वाटून देतो, म्हणून शेवटाकडे आईच्या तोंडी एक बिनकामाचं वाक्य आलं की गलबलून येतं. हीच मोजणी घरच्या एका दिवसाची करून बघा, पण कागद कुणाला दाखवू नका.

'यातून काय शिकलास?' हे अजिबात विचारू नका. मूल पुढचं पुस्तक उत्तर तयार ठेवून वाचतं, नाहीतर काय वाचतोय हे सांगणंच बंद करतं. विचारायचंच असेल तर पात्राबद्दल विचारा: 'तिनं ते पत्र लपवलं, पटलं तुला?' त्याला लागून 'तूही लपवतेस का?' आलं की गप्पा संपल्या. मुलं सहसा आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या पात्रांबद्दल वाचतात. तेराव्या वर्षी सोळाव्याची रंगीत तालीम चाललेली असते, आणि आपण ती आजची बातमी समजून घाबरतो. नायिका दोनशेव्या पानावर घर सोडून गेली, म्हणून आपली लेक बॅग भरत नसते.

हे सगळं सांगताना त्या मुलीचं वाक्य काही डोक्यातून जात नाही. बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांना खिडक्या, आरसे आणि सरकती काचेची दारं म्हटलं. आरशासमोर मूल उभं असताना आई मागून डोकावली, तर मूल स्वतःला बघेल की आईला? मी दोन प्रती घ्या म्हणतोय, पेन्सिल धरा म्हणतोय. आपण आत नाही अशी तिची एकच खोली असेल, तर तिथेही शिरा, असं तर मी सांगत नाही ना?

पण लपवायचंच असतं तर आपल्याला लपवता येत होतं. ती मुलगी पुस्तक उघड हातात धरून उभी होती, आणि आईला वाईट वाटेल याची काळजी तिला होती. ही आईला अडवण्याची रीत की बोलावण्याची, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती आई इथेच कुठेतरी बसली आहे. पुस्तक मुलीच्या पिशवीत आहे.