टायरमधली हवा आणि रस्त्याची कड

नमस्कार. आधी मागवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. नव्याने सायकल घेतलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून दोनच आहेत. सायकल सारखी पंक्चर का होते? आणि गाड्या इतक्या अंगाला घासून का जातात? वरवर पाहता दोन्हींचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. पण बऱ्याच वेळा कारण एकच असतं: आपण भीतीपोटी रस्त्याच्या अगदी कडेने चालवतो. त्याकडे येतोच, पण सुरुवात हवेपासून करू, कारण ती दुरुस्ती आज संध्याकाळीच करता येईल.

टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत दाब लिहिलेला असतो. माउंटन बाइकच्या २.१ इंची टायरवर बहुधा ३५ ते ६५ पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला इतके पाउंड), ३५ मिलिमीटरच्या हायब्रिडवर साधारण ५० ते ७५, रोड बाइकच्या २५ मिलिमीटरवर थेट ८० ते ११०. तुमच्या टायरवर असेल तोच आकडा खरा, शेजाऱ्याच्या सायकलवरचा नाही. अंगठ्याने दाबून बघायची सवय मात्र सोडा. पन्नासच्या वर गेलं की पन्नास काय आणि ऐंशी काय, अंगठ्याला दोन्ही सारखेच कडक लागतात. म्हणून पहिली खरेदी दाब दाखवणारा काटा असलेल्या पंपाची करा. जर्सी, हातमोजे, मोबाइलचा स्टँड सगळं नंतर.

आता दाब कमी असला तर नेमकं काय होतं? ७० किलोचा माणूस आणि १२ किलोची सायकल, मिळून ८२. त्यातला साधारण साठ टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे ४९ किलो. ५० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. भागाकार करा, मागचा टायर जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतो. हवा २५ वर उतरली की तोच टायर २८ चौरस सेंटिमीटर पसरतो, म्हणजे चांगलाच बसतो. अशात खड्ड्याची धारदार कड आली की टायर दबून रिमला भिडतो आणि मधे ट्यूब चिमटते. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. सायकलवाले त्याला स्नेक बाइट म्हणतात. पंक्चरवाल्याला एक चीर सापडते, तो ठिगळ लावतो, आणि घरी पोचेपर्यंत हवा पुन्हा गेलेली असते. दुसरी चीर तशीच राहिलेली असते. म्हणून पहिलं भोक सापडल्यावरही अख्खी ट्यूब पाण्यातून फिरवून घ्यायला सांगा.

भोक कुठे आहे, त्यावरून कारण कळतं. बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर काटा, काच किंवा तार. टायरच्या आतून फडकं फिरवा, तार अडकली असेल तर ते तिथे धरेल. नुसतं बोट फिरवलंत तर बोटच कापेल. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आत ट्यूबखाली असलेली पट्टी, सरकलेली असते. आणि वॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर दोष बहुतेक मिनी पंप हलवत हलवत मारण्याचा. तिथे ठिगळ बसत नाही, ट्यूबच बदलावी लागते. म्हणून छोट्या नळीचा मिनी पंप घ्यावा, थेट वॉल्व्हवर बसणारा नाही.

वॉल्व्ह तीन प्रकारचे. साध्या काळ्या सायकलीचा डनलॉप, मोटरसायकलसारखा जाड तो श्रेडर, आणि बारीक, लांब तो प्रेस्टा. गोंधळ प्रेस्टाचाच होतो. त्याच्या डोक्यावरची इवलीशी पितळी चकती आधी डावीकडे फिरवून सैल करायची आणि बोटाने एकदा दाबायची. फस्स झालं की वॉल्व्ह सुटला. तो न दाबता पंप लावला तर कधीकधी तो चिकटून बसलेला असतो, दांडा दगडासारखा लागतो आणि माणूस पंपाला शिव्या देतो. पंपाचं तोंड सरळ बसवा, लिव्हर लावा. काढताना लिव्हर सोडून सरळच ओढा. तिरकं ओढलं की मधली काडी वाकते. तेव्हा येणारा आवाज बहुतांशी पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, टायरमधल्या नाही. आणि किती राहिली बघू म्हणून पंप पुन्हा लावू नका. ट्यूबमधली थोडी हवा रिकाम्या नळीत शिरते, काटा कमी दाखवतो, आणि उगाच मनात शंका. डनलॉपचं तर आणखी वेगळं: त्यातून हवा उलटी येतच नाही, त्यामुळे काटा ट्यूबचा दाब दाखवूच शकत नाही. फक्त दांडा दाबताना जो दाब दिसतो, त्यावरूनच अंदाज घ्यायचा.

एका चिठ्ठीत विचारलंय, मिनी पंपाने साठच्या पुढे हवा जातच नाही, ताकद कमी पडते का? ताकदीपेक्षा पंपाची जाडी बघा. दांडा ज्यात सरकतो त्या नळकांड्याचा आतला व्यास ३ सेंटिमीटर असेल तर ८० पीएसआयला दांड्यावर जवळपास ४० किलोचा जोर लावावा लागतो. व्यास २ सेंटिमीटर असेल तर १८ किलो पुरतो. बारीक पंपाला हेलपाटे जास्त, पण रोड बाइकला तोच हवा. जाड पंप माउंटन बाइकचा.

जुना उभा पंप नुसता खाली जातोय, हवा जात नाही, अशी तक्रारही आहे. आत चामड्याचा वायसर असेल तर तो वाळून आक्रसलेला असतो. वरचं झाकण फिरवा, दांडा ओढून काढा, वायसरला तेलाचे चार थेंब लावा आणि त्याची कड बोटांनी बाहेर पसरवा. बहुतेक पंप तेवढ्याने चालू होतात.

पेट्रोल पंपावर हवा भरावी का? अडल्यानडल्या वेळी, तीही श्रेडरमध्ये, आणि नळी क्षणभरच लावून. तो कॉम्प्रेसर गाडीच्या मोठ्या टायरसाठी असतो; सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, त्यामुळे दाब झटक्यात चढतो. प्रेस्टाला पितळी अ‍ॅडाप्टर लागतो. तो सॅडलबॅगेत टाकून ठेवा.

आता रस्ता. गाड्यांची चाकं दिवसभर रस्ता झाडत असतात, आणि काचा, खिळे, फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक तारा सगळं कडेला जाऊन साचतं. गाड्यांच्या भीतीने तुम्ही नेमके त्याच पट्ट्यातून जाता. पंक्चरचं निम्मं उत्तर इथे आहे.

गाड्या घासून जाण्याचं उत्तरही तिथेच. लेनची प्रमाणित रुंदी ३.५ मीटर. कडेपासून ३० सेंटिमीटरवर तुम्ही चाललात, तर हँडलचं उजवं टोक साधारण ६५ सेंटिमीटरवर येतं. आरशांसह दोन मीटरची गाडी उरलेल्या जागेत बसते, हे मागच्या चालकाला दिसतं. तो लेन न बदलता निघतो आणि तुमच्या त्याच्यात ८५ सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात चेंबरचं खचलेलं झाकण किंवा जाळी आली की तुम्ही उजवीकडे घेणार! तेच कडेपासून एक मीटर सोडून चाललात, तर आपण इथे बसत नाही हे चालकाला लांबूनच कळतं आणि तो बाजू घेतो किंवा थांबतो. हॉर्न वाजेल. वाजू द्या. आपल्याकडे हॉर्नचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी येतोय’ एवढाच असतो. दचकून डावीकडे घेणं मात्र घातक, कारण त्या बाजूने दुचाकीवालेही घुसतात. सरळ रेष धरून चालवणं हे निम्मं संरक्षण. मऊ टायरचा माणूस खड्डे चुकवत वळवळत जातो, म्हणून हवेचा मुद्दा इथेही आलाच.

कडेला उभ्या असलेल्या मोटारींचं उजवं दार तुमच्या वाटेत उघडतं. त्यांच्यापासून मीटरभर, जमल्यास सव्वा मीटर लांब राहा. आत डोकं दिसतंय का, ब्रेकचा दिवा नुकताच विझलाय का, हे बघत चला. थांबलेल्या रिक्षाला किंवा पुण्यातल्या पीएमपीच्या बसला डावीकडून ओलांडू नका. उतारू त्याच बाजूला उतरतात. सिग्नलला डंपर किंवा मिक्सरच्या डाव्या अंगाला जाऊन उभं राहणं तर आत्मघातच. आरशात चालकाचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला की मागची चाकं आतून जातात.

उलट्या दिशेने चालवणाऱ्यांना वाटतं, समोरून येणारी गाडी दिसते म्हणजे बरं. हिशोब करा. तुम्ही २०, गाडी ४०. एका दिशेने असाल तर फरक २०, समोरासमोर असाल तर ६०. दिवसाही मागे लाल दिवा लावा, यावर जास्त बोलत नाही.

शेवटची चिठ्ठी: पुण्याजवळच्या कात्रजच्या जुन्या घाटातला बोगदा सायकलवरून कसा पार करायचा? उन्हातून आत शिरताना डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, तुमच्याही आणि मागच्या चालकाच्याही. म्हणून काळा चष्मा आधीच काढा, दोन्ही दिवे बोगद्याच्या तोंडापाशी नाही तर शंभर मीटर अलीकडे लावा, आणि मागून ट्रक येत असेल तर बाहेरच बाजूला थांबून त्याला जाऊ द्या. मग आत शिरा.