उन्हाळ्यात नाथसागराच्या काठी

श्रोतेहो, नमस्कार. परीक्षा आटोपल्या, लेकरांना सुट्ट्या लागल्या, की घरोघरी नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा बेत ठरतो. दरवर्षी जाणाऱ्यांनाही एक गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते. मे महिन्यात आपण ज्याला काठ म्हणतो, तो काठ नसतोच. पाणी मागं सरकून उघडा पडलेला तो धरणाचा तळ असतो. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या पोटात शिवारंच्या शिवारं गेली. नाले, बांध, विहिरी, गोदावरीचं जुनं पात्र, सगळं त्या पाण्याखाली आहे.

म्हणून आधी जमीन बघा. वरून भेगाळलेला, वाळलेला गाळ पक्का दिसतो, पण पाण्याच्या कडेला पापडीखाली लोण्यासारखा चिखल असतो. चार-पाच फुटांची काठी घ्या आणि दर दोन पावलांवर टोचून बघा. वीतभर आत गेली, तर तिथून मागं फिरा. गाडी मुरमाड जागेवरच थांबवा. गाळावर उतरवलेलं चाक रेस केल्यावर आणखी रुतत जातं. कुणाचा पाय अडकलाच तर ओढाओढ करू नका. त्याला मागं रेलून बसू द्या, अंगाखाली ताडपत्री सरकवा आणि एकेक पाय हलवत सावकाश सोडवा.

पाण्यात उतरायला परवानगी असेल तिथंच उतरा. मोठ्या माणसानं आधी चालून तळ चाचपावा, लेकरांच्या गुडघ्याएवढ्या पाण्यात काठ्या रोवून हद्द आखावी. गाळ उपसलेल्या ठिकाणी एका पावलात पाणी गळ्याशी येतं, आणि गढूळ पाण्यात खड्डा दिसत नाही. ट्यूबवर भरवसा नको, वारा सुटला की ती आत वाहत जाते. कुणी गटांगळ्या खाऊ लागला तर मागोमाग उडी टाकू नका. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार रिकामा झाला की झाकण घट्ट लावून, दोरी बांधून हाताशी ठेवा, तोच फेकायचा.

वेळेचं म्हणाल तर पहाटे पाचला घर सोडा. संभाजीनगरहून पैठण ५० किलोमीटरच्या आसपास आहे. साडेनऊ-दहाला पाण्याबाहेर या. उघड्या तळावर झाड नसतं, त्यामुळं दुपार पैठण गावात, नाथांच्या समाधी मंदिरात काढावी. चारनंतर पुन्हा काठावर येण्याचा मोह होतो, पण वळवाचे ढग त्याच वेळी दाटतात. गडगडाट ऐकू आला की पाणी सोडा, काचा बंद करून गाडीत बसा. मोकळ्या माळावर एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट.

डब्यात दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. भात आणि बटाट्याची ओली भाजी नेऊ नका, बंद गाडीच्या उष्म्यात दोन्ही लवकर आंबतात. पाणी माणशी चार लिटर. शिवाय एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, असं घरूनच कालवून न्या. लेकरू सुस्तावलं, लघवी गडद झाली, तर सावलीत बसवून घोट-घोट पाजा. बरळू लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका. अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

आणखी एक. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे आणि टिटवी उन्हाळ्यातच उघड्या जमिनीवर अंडी घालते. साधारण चार, मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची. खड्यांत मिसळून जातात. भर उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. आपण जवळ चटई टाकली की ती बसत नाही आणि अंडी तापतात. डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर आल्या वाटेनं, पायाखाली बघत मागं फिरा. ती पुन्हा खाली उतरून गप्प झाली, की आपण मागं येऊन जिथं थांबलो तिथंच चटई अंथरा.