दोन टक्के म्हणजे किती मिलिग्रॅम?

ऊसतोडीचा हंगाम लागला की सांगली-मिरजेकडच्या कॅज्युअल्टीत कोयत्याच्या जखमा येऊ लागतात. समजा, 40 किलो वजनाची बाई, नडगीवर लांब वार. इंटर्न 10 मिलीची सिरिंज 2 टक्के लिग्नोकेनने, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाने, काठोकाठ भरतो. सुई टोचायच्या आधीच चूक झालेली असते.

टक्के म्हणजे 100 मिलीत तेवढे ग्रॅम. म्हणून टक्क्याला दहाने गुणा: 2 टक्के म्हणजे दर मिलीला 20 मिलिग्रॅम. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोला 3 मिलिग्रॅम, अॅड्रेनालिन असेल तर 7. (अमेरिकन पुस्तकात साध्याला 4.5 दिसेल, आपण 3 धरू.) या बाईला 120 मिलिग्रॅम, म्हणजे 6 मिली. सिरिंजमध्ये आहेत 200. जखम लांब असेल तर तेवढंच सलाईन मिसळा. 1 टक्क्याचं 12 मिली मिळेल. टाक्यांना ते पुरतं.

अॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे औषध जागेवर टिकतं. अँप्यूलमध्ये 1 मिलीत 1 मिलिग्रॅम असतं, त्यातलं 0.1 मिली 20 मिलीत घातलं की एकास दोन लाख. हे 0.1 मोजायला 1 मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या. इन्सुलिनची नको: तिच्यात 40 आणि 100 युनिटची असे दोन प्रकार येतात, आणि घाईत कोण बघतो?

गळवात भूल का चढत नाही, हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न. लिग्नोकेनचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचा अर्धा भाग विद्युतभाररहित असतो तो आकडा) 7.9. शरीराच्या 7.4 पीएचला जेमतेम पाव भाग विद्युतभाररहित असतो आणि तोच मज्जातंतूच्या पडद्यातून आत शिरतो. सुजलेली, पू झालेली जागा आम्लधर्मी. तिथे हा भाग आणखी घटतो. तिथेच औषध ओतत राहिलात तर भूल चढणार नाही, मात्रा मात्र ओलांडेल. त्यापेक्षा गळवाच्या कडेने निरोगी भागात टोचा.

टोचताना दर वेळी पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का पाहा, आणि पेशंटला बोलतं ठेवा. ओठ बधिर, तोंडात धातूची चव, कानात आवाज, जीभ जड: थांबा. पुढे झटके, मग हृदयाचे ठोके बिघडतात. बुपिव्हॅकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाचं दुखणं वेगळं. 0.5 टक्क्याला मिलीला 5 मिलिग्रॅम, कमाल किलोला 2. ते हृदयातल्या सोडियम चॅनेलला चिकटतं आणि लवकर सुटत नाही. कधी झटक्यांआधीच हृदय बंद पडतं.

तेव्हा ऑक्सिजन, झटक्यांना मिडाझोलाम आणि 20 टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं दुधाळ मिश्रण): किलोला 1.5 मिली मिनिटभरात, म्हणजे या बाईला 60 मिली; मग मिनिटाला किलोमागे 0.25 मिली. हृदय बंद पडलंच तर सीपीआर चालू ठेवा. अॅड्रेनालिन मात्र एका वेळी किलोला 1 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. प्रोपोफॉल हे पूर्ण भुलीचं औषधही पांढरंच दिसतं, पण त्यात लिपिड फक्त 10 टक्के, आणि वर ते रक्तदाब पाडतं. लिपिडच्या जागी ते चालत नाही.