औषध नव्हे, निदान हाती द्यायचं

मंडळी, फ्रेंच गयाना, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला फ्रान्सचा भाग, म्हटलं की आपल्याला कुरूचा प्रक्षेपण तळ आठवतो. आपले कितीतरी इन्सॅट उपग्रह तिथूनच उडाले. पण किनारा सोडून आत गेलात, की सगळं वर्षावन. पूर्वेला ओयापोक नदी, तिच्यापलीकडे ब्राझील. पश्चिमेला मारोनी, पलीकडे सुरिनाम. मधल्या रानात बेकायदा सोनं काढणारे हजारो मजूर राहतात, त्यातले बहुतेक ब्राझीलचे गरीब लोक. त्यांना गारिंपेरो म्हणतात. 2008पासून फ्रेंच लष्कर त्यांच्या खाणी उधळून लावतंय. मग हिवताप झाला तरी दवाखान्याची पायरी कोण चढणार? शिवाय वाट होडीची आणि पायी, कधी कधी कित्येक दिवसांची.

मग खाणीवरच्या दुकानातून, चोरट्या मार्गाने आलेल्या आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाच्या गोळ्या घेतल्या जातात. ताप उतरला की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायच्या. खरं दुखणं इथे आहे. अर्धवट मात्रेतून वाचलेले परजीवी औषधाला दाद देईनासे होतात.

यावर मालाकिट नावाचा उपाय निघाला: मजुराने स्वतःच रक्त तपासून औषध घ्यायची पिशवी. एप्रिल 2018 ते मार्च 2020 या काळात 3,733 जणांना 4,766 पिशव्या दिल्या गेल्या, त्याही नदीपलीकडच्या काठांवर. फ्रेंच कायद्यात डॉक्टरशिवाय असं औषध हाती ठेवता येत नाही, आणि सामान भरायला मजूर त्याच काठांवर येतात. पिशवीत तीन तपासणी किट, आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनच्या (आर्टेमिसिनिन गटातल्या औषधाच्या) 24 गोळ्या, प्रायमाक्विनची एक मात्रा आणि पॅरासिटामॉल. देण्याआधी मजुराला शिकवायचं, चित्रं दाखवायची.

किट तीन का? लागण नुकतीच असेल तर परजीवी थोडे असतात, तपासणी ‘नाही’ म्हणते. ताप टिकला तर पुन्हा करावी लागते. बोट टोचून रक्त घ्यायचं ते फक्त 5 मायक्रोलिटर. जास्त टाकलं तर पट्टी लालभडक होते, रेघ दिसत नाही. पट्टी चालते आहे हे सांगणारी नियंत्रण रेघ उमटलीच नाही तर निकाल ‘नाही’ असा नव्हे, किट बाद. पाकीट आधीच फोडून ठेवलं तर दमट हवा पट्टी खराब करते. आणखी एक खाच: पेरूच्या अ‍ॅमेझॉनमध्ये एचआरपी-2 या प्रथिनाचं जनुक नसलेले फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाच्या सर्वांत घातक जातीचे परजीवी, सापडले आहेत. तिथे त्याच प्रथिनावर विसंबलेली पट्टी फसते, म्हणून या जंगलात एलडीएच हे परजीवीचं दुसरं प्रथिन शोधणारी बरी.

35 किलोंवरच्या माणसाने आधी चार गोळ्या घ्यायच्या, 8 तासांनी चार, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चार-चार. पोटात तेलकट काहीतरी हवं, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. तासाभरात उलटी झाली तर मात्रा पुन्हा घ्यायची, आणि मग 24 गोळ्या पुरत नाहीत. तेव्हा पिशवी असली तरी दवाखाना गाठावाच लागतो.

पिशवीची उणी बाजू म्हणजे व्हायव्हॅक्स, हिवतापाच्या परजीवीची दुसरी जात. प्रायमाक्विनची एक मात्रा फाल्सिपेरमचा डासांकडे होणारा प्रसार रोखते. यकृतात दडून बसलेल्या व्हायव्हॅक्सला ती पुरत नाही. त्याला सात किंवा चौदा दिवसांचा कोर्स लागतो. गडचिरोलीत आशाताई पाठपुरावा करून हा चौदा दिवसांचा कोर्स पुरा करून घेऊ शकतात, कारण रुग्णाचं घर ठरलेलं असतं. शिवाय जी6पीडी हे विकर कमी असेल तर याच औषधाने तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पुढच्या क्युरेमा प्रकल्पात नदीकाठावरच जी6पीडी तपासून, ताप नसलेल्यांनाही व्हायव्हॅक्सचं औषध देण्याची सोय केली गेली.