चिखलाची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी तपासायचं म्हटलं की सोयीचे महिने जानेवारी-फेब्रुवारी. वाट कोरडी, गाडी थेट पुलापर्यंत. बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली, निघाले. आकडा खरा येतो, त्यात खोट नाही. पण वडगाव-शहापूरच्या शिवारातला शेतकरी तुम्हाला पुलाकडे नेणारच नाही. तो नेईल पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे, आणि भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवील. "हितपतूर आल्तं. आठ दिस हाललं न्हाई." शहराचं सांडपाणी, जलपर्णी, सगळं भातात. पाणी ओसरलं की कुजलेलं रोप उपटून बाया पुन्हा लावणीला उतरतात. उघड्या पायांनी, दिवसभर ओणव्या.

पाण्यात घातक काय नि किती, हे प्रयोगशाळा सांगते. ते माणसाच्या अंगाला कोणत्या वाटेनं, किती वेळ लागतं, हे त्या बाईला ठाऊक. दोन्ही जुळल्याशिवाय जोखमीचं गणित सुटत नाही. अर्धं गणित एकवेळ परवडलं, पण ते पुरं म्हणून छापलं जातं, याचा मला राग येतो.

मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, ते आधी तपासण्यासाठी 2006 ची केंद्राची अधिसूचना आहे. तिच्यात जनसुनावणी आहे, निदान 30 दिवस आधी सूचना आहे. पण सुनावणी येते अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर. नमुने कुठून, कधी घ्यायचे, ते केव्हाच ठरलेलं असतं. बऱ्याच प्रकल्पांना तर एकाच ऋतूची मोजणी चालते, तीही पावसाळा सोडून! आमच्याकडे जे काही घडतं ते आषाढ-श्रावणात.

म्हणून म्हणतो, बाटली भरण्याआधी शिवारात या. खानापूरच्या रानाकडे गेलात तर गुराख्याला विचारा, गुरं कोणत्या डोहावर पाणी पितात. कन्नड, मराठी, ज्याला जे येतं त्यात विचारा.

आणि गावकऱ्यांनो, सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. चार डोकी आली तरी ती उरकते. तेव्हा लावणीचा दिवस असला तरी घरटी एकानं जावं. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून वाचायचं असतं. चहा झाला म्हणून मंडप सोडू नका. मोटारीच्या खोलीवरची ती रेघ त्यात आली का, ते ऐकूनच उठा.