बोटाखालचा फेडर

नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी टेबलावरच्या या यंत्राकडे बघून दोघांनी मला विचारलं, "सर, माईक कुठे लावायचा?" कुठेच लावायचा नाही. मागची बाजू बघा, एक यूएसबीची वायर आहे आणि एक अॅडॅप्टरची. दिसायला मिक्सर, पण आवाज यातून जातच नाही. तो संगणकातच असतो. हे यंत्र नुसते निरोप पोचवतं: तिसऱ्या ट्रॅकची लेव्हल इतकी करा, पाचवा म्यूट करा. म्हणून याला कंट्रोलर म्हणायचं. हे घेतल्यानं रेकॉर्डिंग 'गोड' होतं असं दुकानदार सांगत असेल, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

निरोप जातात ते मिडीच्या भाषेत. सिंथेसायझर एकमेकांशी बोलावेत म्हणून १९८३ साली आलेली ही भाषा. तिच्यातल्या साध्या कंट्रोल चेंजच्या निरोपात ० ते १२७ एवढेच आकडे. नॉबला तेवढं चालतं. फेडरचं, म्हणजे या वरखाली सरकणाऱ्या दांडीचं, तसं नाही. त्याचा प्रवास १०० मिलिमीटरचा, त्यात १२८ पायऱ्या म्हणजे दर पाऊण मिलिमीटरला एक. गाणं हळूहळू विरवत नेताना अगदी खालच्या टोकाला त्या कानाला टोचतात. म्हणून मॅकी कंपनीच्या 'मॅकी कंट्रोल' या कंट्रोलरच्या बोलीत एक युक्ती केली आहे. कीबोर्डवर सूर वाकवायचं चाक असतं ना, त्याचा पिच बेंडचा निरोप फेडरला देऊन टाकला. त्यात १६,३८४ आकडे मावतात. फेडर त्यातले हजारभरच वापरतो, पण तेवढे भरपूर झाले. आता एका मिडी चॅनलवर, म्हणजे निरोपांच्या एका वाटेवर, पिच बेंड एकच असतो. त्यामुळे आठ फेडरना आठ चॅनल आणि नववा मास्टरला. तुमच्या कीबोर्डचं चाक फिरवल्यावर एखादा ट्रॅक आपोआप वरखाली व्हायला लागला, तर भुताटकी समजू नका. कीबोर्डचा पोर्ट चुकून कंट्रोलर म्हणून निवडला गेलाय.

मॅकी कंट्रोलच्या आधीची बोली म्हणजे हुई. मॅकीनंच डिजिडिझाइन या कंपनीबरोबर १९९७ च्या सुमारास तिच्या प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी ती काढली आणि प्रो टूल्सला ती आजही कळते. तिची एक गंमत आहे. सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळानं विचारत राहतं, "आहेस का?" आणि यंत्रानं दरवेळी "आहे" म्हणायचं. उत्तर आलं नाही की सॉफ्टवेअर त्याला गेलेला धरतं. तेव्हा कंट्रोलर मध्येच 'मेला' तर आधी वायर बघा, आणि यंत्र हुईवर ठेवलंय की मॅकीवर, ते बघा.

खरा मुद्दा असा की हे संभाषण दुतर्फी आहे. मी फेडर हलवला की पडद्यावरचा हलतो आणि पडद्यावरचा हलला की आतली मोटार माझा फेडर हलवते. मी पहिला कंट्रोलर आणला तेव्हा फेडरनं ट्रॅक हलत होता, पण मोटार ढिम्म. जळली असं धरून मी खोकं पुन्हा बांधलं, चिकटपट्टीसुद्धा लावली. रात्री सेटिंग उघडून पाहतो तर इनपुटला यंत्राचं नाव आणि आउटपुट रिकामा! म्हणजे सॉफ्टवेअर ऐकत होतं, पण त्याला बोलायला तोंडच दिलं नव्हतं.

एवढा खटाटोप कशासाठी? अभंगाचंच घ्या. गायक ध्रुवपद खुल्या आवाजात म्हणतो, अंतऱ्यात एखादा शब्द पुटपुटतो, आणि नेमका तिथेच पखवाज चढलेला असतो. मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर लावून हे अर्धंच सुटतं. उरलेलं हातानं करावं लागतं. माऊसनं रेघा ओढत बसलात तर तुम्ही रेघेचा आकार बघता, शब्द ऐकत नाही. फेडरवर बोट असलं की श्वास ऐकू येतो आणि बोट त्याच्या जरा आधीच वर सरकतं. तबलजी समेवर जसा गायकाची वाट बघतो, तसंच काहीसं.

यासाठी ऑटोमेशन, म्हणजे फेडरची हालचाल लिहून ठेवायची सोय, 'टच' या पर्यायावर ठेवा. फेडरच्या टोपीला स्पर्श कळतो: बोट आहे तोवर लिहिलं जातं, उचललं की फेडर जुन्या जागी परततो. 'लॅच' या दुसऱ्या पर्यायावर मात्र बोट सोडलं तरी तुमची शेवटची लेव्हलच पुढे लिहिली जाते. पुढचं अख्खं कडवं त्यात पुसून जाऊ शकतं. आणि नखानं ढकलू नका. नखाचा स्पर्श यंत्राला कळत नाही, मग मोटार तुमच्याशी झोंबाझोंबी करते.

आठ फेडर हवेत का? माझं मत विचाराल तर घरच्या स्टुडिओला एक चांगला, मोटारीचा, लांब फेडर बस्स. एका वेळी आपण एकच आवाज सांभाळत असतो. आठ घेतले की चोविसाव्या ट्रॅकसाठी पुढच्या आठांवर नेणारी 'बँक'ची बटणं दाबत फिरायचं आणि 'आत्ता मी कुठे आहे' हे बघायला पुन्हा पडद्याकडेच जायचं. ड्रमचे दहा माईक लावणाऱ्यांचं वेगळं. आणि हो, गायक त्याच खोलीत असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना मोटारी बंद ठेवा. त्यांची खरखर माईकमध्ये येते.

बरं, आता पडदा बंद करतो. पहिल्या रांगेतल्या ताई, तुम्ही इकडे या. गायकाचा ट्रॅक या फेडरवर आहे, टचवर ठेवलाय. दुसऱ्या अंतऱ्यात 'माउली' हा शब्द बुडतो. डोळे मिटा, बोट ठेवा, मी गाणं सुरू करतो.